घर हप्ता पेलेल का? भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या पहिल्या घराच्या कर्जाचं एक प्रकरण

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा तिचं सगळं ठरल्यात जमा होतं. घर पाहून झालं होतं, आवडलं होतं, बँकेनं तत्त्वतः मंजुरीही दिली होती. माझ्याकडून तिला एवढंच हवं होतं: "ताई, चार ठिकाणचे व्याजदर पाठवलेत. सगळ्यात स्वस्त कुठलं ते सांग, उद्या अर्ज भरते."

ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरी करतात. राहतं घर आहे, त्यावर थोडं कर्ज अजून बाकी आहे. हे दुसरं घर भाड्याने देण्यासाठी होतं आणि असा व्यवहार दोघंही पहिल्यांदाच करत होती. मी बरीच वर्षं कर्जाच्या फायली तपासण्यात घालवली आहेत, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचे असे फोन मला येतात. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता आमचा प्रश्नच बदलला आणि शेवटी कर्जाबरोबर घरही बदललं.

पुढच्या आकड्यांना मी चलन लावलेलं नाही. पहिल्या घराची किंमत १०,००० धरली आहे, बाकीचे आकडे त्याच मापात आहेत. आपापल्या चलनात ते कुणालाही बसवून पाहता येतील.

तिचा कागद आणि माझा कागद

तिचा हिशेब पाच ओळींचा होता. किंमत १०,०००. हातातली बचत ४,२००. त्यातले २,५०० स्वतःचा हिस्सा म्हणून भरायचे आणि ७०० नोंदणी, मुद्रांक, वकील यांत जाणार, म्हणजे १,००० हाताशी राहतात. कर्ज ७,५००, मुदत २५ वर्षं, व्याज ५ टक्के, हप्ता ४३.८४. भाडं महिन्याला ५०. "सगळं जाऊन महिन्याला सहा वर उरतात," असं तिनं कागदाच्या तळाशी लिहून त्याभोवती दोनदा गोल केला होता.

मी दुसरा कागद घेतला. वर्षाचं भाडं ६००. एक भाडेकरू गेला की रंगकाम, किरकोळ दुरुस्त्या आणि नवा माणूस मिळेपर्यंतची वाट यात महिना सहज जातो. तो वजा केला की ५५०. मग देखभाल, विमा, स्थानिक कर, दलाली आणि अधूनमधून निघणारी नळाची, विजेची कामं. त्यांचे ११० धरले. उरले ४४०, म्हणजे महिन्याला ३६.६७. आणि हप्ता ४३.८४. दर महिन्याला सात आणि वर्षाला ८६ पदरचे घालायचे.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मुद्दल फिटतंय की! ते आपलंच आहे ना?"

तिचं म्हणणं खरं होतं आणि ते बाजूला सारणं चुकीचं ठरलं असतं. पहिल्या हप्त्यातले ३१.२५ व्याजाचे, १२.५९ मुद्दलाचे. पदरचे सात घातले तरी मुद्दल साडेबारानं कमी होतं, म्हणजे हा तोटा नसून एक प्रकारची सक्तीची बचत आहे. पाच वर्षांत २,६३१ भरून ८५७ मुद्दल फिटतं. फक्त फिटलेलं मुद्दल भिंतींत अडकलेलं असतं आणि हप्ता रोखीनं द्यावा लागतो. ही रोख तिच्या पगारातून येणार होती, आणि त्या पगारातून राहत्या घराचा हप्ता आधीच जात होता.

"मग बँकेनं होय कसं म्हटलं?" हा तिचा पुढचा प्रश्न.

बँक काय पाहते ते समजून घ्यायला ब्रिटनचं उदाहरण सोयीचं आहे, कारण भाड्याच्या घरांचं कर्ज तिथे वेगळं मोजलं जातं. व्याजाच्या किमान १२५ टक्के, बऱ्याच ठिकाणी १४५ टक्के भाडं यायला हवं, अशी तिथल्या कर्जदात्यांची अट असते. पाच वर्षांपेक्षा कमी काळ दर बांधलेला, म्हणजे न बदलणारा, असेल, तर २०१७ पासून ही चाचणी किमान ५.५ टक्के दर धरून घ्यावी लागते. आमच्या घराला ती लावली: ७,५०० वर ५.५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३४.३८, भाडं ५०. गुणोत्तर १४५ टक्के. घर कडक चाचणीतही पास! पण त्या चाचणीत मुद्दल धरलेलं नाही आणि भाडं खर्च वजा न करता घेतलेलं आहे. बँकेला तिचं व्याज सुरक्षित आहे की नाही एवढंच त्यातून कळतं. दरमहा तुमच्या खिशातून किती जाणार, हे बघणं बँकेचं काम नाही.

चार पर्याय

टेबलावर चार पर्याय होते: ५ टक्क्यांचं फ्लोटिंग, म्हणजे बाजारासोबत दर बदलणारं; दोन वर्षं बांधलेलं ४.८ टक्क्यांचं, पण दोन टक्के प्रोसेसिंग फी असलेलं; पाच वर्षं बांधलेलं ५.५ टक्क्यांचं, आणि तोच साडेपाच दर, पण दरमहा फक्त व्याज भरायचं, मुद्दल शेवटी एकदम.

दुसऱ्या पर्यायाला पाच मिनिटंही लागली नाहीत. तसंच दोन वर्षं बांधलेलं कर्ज फी न घेता देणाऱ्या एका बँकेचा दर ५.१ होता. तीन दशांशांचा फरक ७,५०० वर वर्षाला साडेबावीस होतो, आणि फी १५०. ती वसूल व्हायला पावणेसात वर्षं लागणार आणि दर बांधलेला दोनच वर्षं. जाहिरातीतला सगळ्यात लहान आकडा आमच्यापुरता सगळ्यात महाग निघाला.

फ्लोटिंगवर मात्र आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. आज स्वस्त आहे, पुढे दर उतरले तर आणखी स्वस्त होईल, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. तेही चूक नव्हतं. पण २०२२ फार जुनं नाही. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो रेपो दर मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ वर होता, ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर पोचला. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं साधारण याच काळात शून्याजवळून सव्वापाच ते साडेपाचपर्यंत मजल मारली. म्हणजे दोन-अडीच टक्क्यांची वाढ ही कल्पनेतली भीती नाही, वर्षभरात घडलेली गोष्ट आहे.

तिचा नवरा म्हणाला, "दर वाढला तरी हप्ता वाढत नाही, बँक मुदत वाढवते. माझ्या मित्राचं तसंच झालं."

इथे मी गणित पूर्ण करून दाखवलं, कारण हे फार थोड्यांनी स्वतः करून पाहिलेलं असतं. कर्ज ७,५००, हप्ता ४३.८४. दर ७ टक्के झाला की महिन्याचं नुसतं व्याज ४३.७५. मुद्दलाकडे जाणार नऊ शतांश. कर्जाच्या सुरुवातीलाच दर असा चढला आणि हप्ता तोच ठेवला, तर ते फिटायला ८८ वर्षं लागतात. दर ८ टक्के झाला तर व्याजच ५०, हप्त्यापेक्षा जास्त. मग मुदत कितीही वाढवा, मुद्दल दर महिन्याला फुगत जातं. भारतात रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये यासाठीच सूचना काढली: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं, बांधलेल्या दराकडे जाण्याची मुभा द्यायची आणि हप्ता व्याजसुद्धा भागवत नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. मित्राचा हप्ता वाढला नाही, ही बातमी अर्धीच होती. मुदत किती झाली ते त्यानं विचारलंच नव्हतं.

मुदत तीच ठेवायची तर ७ टक्क्यांना हप्ता ५३, ८ टक्क्यांना जवळपास ५८. खर्च जाऊन हाती येणारं भाडं पावणेसदतीस. महिन्याला २१ पदरचे. त्या हिशेबानं हाताशी ठेवलेले १,००० चार वर्षंही पुरत नाहीत, आणि तेही मधे छत गळलं नाही तर.

फक्त व्याज भरायचं कर्ज

हा पर्याय तिला मनापासून आवडला होता. हप्ता ३४.३८, हाती येणारं भाडं ३६.६७. महिन्याला सव्वादोन शिल्लक. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरांची बरीचशी कर्जं अशीच असतात, त्यामुळे हा पर्याय वेडगळ म्हणता येत नाही. पण पंचवीस वर्षं हप्ते भरूनही ७,५०० चे ७,५०० देणं राहतं. ते कुठून देणार, याचं लेखी उत्तर हवं. "तेव्हा विकू" हे उत्तर असेल, तर त्या वर्षी बाजार कसा असेल यावर सगळं टांगलेलं राहतं. ऑस्ट्रेलियात अशी कर्जं इतकी वाढली की मार्च २०१७ मध्ये तिथल्या नियामकानं नव्या घरकर्जांत त्यांचा वाटा ३० टक्क्यांवर रोखायला बँकांना सांगितलं. मग व्याजापुरती मुदत संपून मुद्दल सुरू झालं की हप्त्यानं मारलेली उडी अनेकांना झेपायची नाही, हीच चिंता त्यामागे होती.

आणि एक गोष्ट, जी दरपत्रकात कुठेच लिहिलेली नसते: कर. व्याज भाड्यातून वजा होतं, असं आपण गृहीत धरतो. ब्रिटननं २०१७ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्यानं वैयक्तिक मालकांची ती वजावट काढून घेतली आणि त्याऐवजी व्याजाच्या २० टक्क्यांइतकी करसवलत ठेवली. आमचेच आकडे त्या नियमात घालून पाहिले. खर्च जाऊन भाडं ४४०, वर्षाचं व्याज ४१२.५, खरा नफा साडेसत्तावीस. ४० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाला आधी ११ कर बसला असता. नव्या नियमानं ४४० वर १७६, त्यातून सवलतीचे साडेब्याऐंशी वजा, म्हणजे ९३.५. नफा २७.५ आणि त्यावर कर ९३.५! न्यूझीलंडनं २०२१ मध्ये अशीच वजावट आवळली आणि पुढच्या सरकारनं २०२५ पर्यंत ती पूर्ण परत दिली. कर्ज पंचवीस-तीस वर्षांचं असतं आणि नियम मधेच फिरतात. त्यामुळे जे कर्ज करसवलत धरल्यावरच परवडतं, त्याला मी होकार देत नाही. तिलाही तसंच सांगितलं.

दोन सोपे रस्ते

याच दरम्यान दलालानं तिला एक युक्ती सुचवली. "अर्जात भाड्याने देणार असं कशाला लिहिता? स्वतः राहणार लिहा, दर अर्ध्या टक्क्यानं उतरेल. सगळे तेच करतात."

यावर माझा आवाज चढला, हे कबूल करते. अर्जावर सही तिची होणार होती, दलालाची नव्हे. बँकेला खोटी माहिती दिली की करारभंग होतो आणि बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते. विमा घेताना घरात कोण राहतं ते लपवलं असेल, तर आग लागली किंवा पाणी भरलं की दावा नाकारायला विमा कंपनीला तेवढं कारण पुरतं. अर्ध्या टक्क्यासाठी सगळं घर पणाला लावायचं? तिनं दलालाला नाही म्हणून कळवलं.

दुसरा रस्ता घरातूनच आला. मावशी म्हणाली, आमचं घर तारण ठेवा, तुमचा हिस्सा वाढेल, हप्ता कमी होईल. त्यामागची माया मला कळत होती. पण तसं केलं तर वाढलेला हिस्साही कर्जाचाच असतो, आणि भाडेकरू सहा महिने मिळाला नाही तर त्याची झळ सत्तरीतल्या दोन माणसांच्या डोक्यावरच्या छपराला लागते. मी मावशीशी स्वतः बोलले. तो विषय तिथेच मिटला.

घर बदलतं

तोवर एक गोष्ट लख्ख झाली होती. कुठलाही दर घेतला तरी ७,५०० चं कर्ज फेडण्याइतकं ते घर कमवत नव्हतं. ५.५ टक्के दरानं ३० वर्षांची मुदत धरली तर ६,००० च्या कर्जाचा हप्ता ३४ येतो, तेवढा त्या घराला पेलला असता. पण त्यासाठी ४,००० स्वतःचे भरायचे आणि वर ७०० खर्च. तिच्याकडे ४,२०० होते.

म्हणून मी तिला उलटीकडून मोजायला लावलं. आधी राखीव रक्कम बाजूला काढायची, मग घर किती कर्ज पेलेल ते पाहायचं आणि त्यावरून किंमत ठरवायची. त्या मापानं तिनं पुन्हा शोध घेतला. महिन्याभरानं एक लहान घर मिळालं: किंमत ८,०००, भाडं ४४. लहान घरांना किमतीच्या मानानं भाडं बरेचदा जास्त मिळतं. पहिल्या घरात वर्षाचं भाडं किमतीच्या ६ टक्के होतं, इथे ६.६. तिला मात्र ते मनातून फारसं आवडलं नव्हतं. स्वयंपाकघर अंधारं, बाल्कनी नावापुरती. "ताई, मी इथे राहिले नसते," ती म्हणाली. राहायचं नव्हतंच. भाडेकरूला स्टेशन जवळ हवं होतं, ते जवळ होतं.

स्वतःचे २,८००, नोंदणीचा खर्च ५६०, राखीव ८४०. कर्ज ५,२००. वर्षाचं भाडं ५२८, त्यातून एक महिना रिकामा आणि १०० खर्च काढला की ३८४, महिन्याला ३२.

पाच वर्षं बांधलेला ५.५ टक्के दर घेतला. मुदतीवरून पुन्हा थोडी खडाजंगी झाली. २५ वर्षांना हप्ता ३१.९३, म्हणजे जेमतेम तोंडमिळवणी. ३० वर्षांना २९.५२, म्हणजे महिन्याला अडीच सुटतात. तिचा नवरा म्हणाला, पाच वर्षं जास्त म्हणजे व्याज किती जाईल! बरोबर. पण या कर्जात दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत मुद्दल दंडाशिवाय फेडायची मुभा होती. दर महिन्याला अडीच जास्त भरले तर कर्ज पंचवीस वर्षांतच संपतं. वाईट महिन्यात ते भरायची सक्ती नसते. २५ वर्षांचा करार केला असता तर ही सक्ती कायमची गळ्यात पडली असती.

मंजुरीपत्र आलं ते आम्ही दोघींनी पेन्सिल घेऊन वाचलं. बारीक अक्षरातली अकरा पानं. आठव्या पानावर एक ओळ होती: पाच वर्षांनंतर "त्यावेळी लागू असलेला दर" आकारला जाईल. कुणाचा दर, कशावर ठरणारा, काही नाही. तिनं ओळीखाली रेघ मारली आणि बँकेला लेखी विचारलं. आठवड्यानं सुधारित पान आलं, त्यात बाहेरचा, म्हणजे बँकेनं स्वतः न ठरवलेला, संदर्भदर आणि त्यावर किती टक्के अधिक हे स्पष्ट लिहिलेलं होतं. भारतात ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग घरकर्जं अशा बाहेरच्या संदर्भदराला जोडावीच लागतात. हे बंधन जिथे नसेल, तिथे कर्जदारानं स्वतः मागून घ्यायला हवं. त्याच पानावर मुदतीआधी पूर्ण कर्ज फेडल्यास लागणारा दंडही होता: तिसऱ्या वर्षी तीन टक्के, म्हणजे साधारण दीडशे. नवऱ्याच्या बदलीची शक्यता होती, म्हणून घर तीन वर्षांत विकावं लागलं तर हे दीडशे जातील असं गृहीत धरूनच त्यांनी सही केली.

पाच वर्षांनी ४,८०८ बाकी राहतील. तेव्हा दर ७ टक्के असला तर हप्ता ३४, ८ टक्के असला तर ३७. भाडं एक पैसा वाढलं नाही असं धरलं तरी महिन्याला पाचच्या आसपास पदरचे जातील, आणि राखीव ८४० त्याला तेरा वर्षं पुरतात.

पहिलं वर्ष

पहिला भाडेकरू नवव्या महिन्यात नोकरी बदलून गेला. घर सात आठवडे रिकामं होतं. त्यात गिझर गेला आणि नवा बसवावा लागला, तो खर्च धरलेल्या १०० मध्ये बसला. पण महिन्याभराऐवजी सात आठवडे गेल्यामुळे वर्षाची ३० ची अपेक्षित शिल्लक जवळपास सगळी संपली. वर्षाअखेरीस हाती ३ उरले. राखीव ८४० ला हात लागला नाही. या सात आठवड्यांत तिनं मला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा भाडेकरूच्या चौकशीसाठी. हप्त्याचा विषय निघाला नाही.

पहिलं घर घेतलं असतं तर त्याच वर्षी ठरलेल्या ८६ वर या रिकाम्या आठवड्यांचे आणखी ३० जाऊन वर्षाचे ११६ पगारातून घालावे लागले असते.

आता तिच्या फोनमध्ये एक तारीख लावून ठेवली आहे: बांधलेला दर संपण्याच्या सहा महिने आधीची. त्या दिवशी तीन ठिकाणचे दर मागवायचे आणि बाकी मुद्दल, चालू भाडं आणि वर्षभराचा खर्च घेऊन पुन्हा एकत्र बसायचं, असं आमचं ठरलं आहे.